तान्ह्या पोळ्याआधी पन्नास सांगाडे रंगवायचे आहेत. लवकर आणि उठावदार कसे रंगवता?

आर्वीचा_सेनापती
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. दुकान रात्री आठला बंद होतं, जेवण झालं की जेमतेम एक तास माझा. त्या तासात मी वॉरहॅमरच्या, म्हणजे टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या, मिनी (छोट्या बाहुल्या) रंगवतो.

माझ्याकडे सांगाड्यांची फौज आहे: 40 पायदळ, 10 घोडेस्वार आणि 1 ड्रॅगन. तान्ह्या पोळ्याला मावसभाऊ नागपूरहून त्याचे ऑर्क, म्हणजे राक्षसांची फौज, घेऊन येतो आहे. आमचा दोघांचा शब्द ठरलेला आहे की बिनरंगाची एकही मिनी टेबलावर उतरवायची नाही. पोळ्याला आजपासून पाच आठवडे राहिले आहेत आणि माझे झालेत फक्त 4 सांगाडे. एकेकाला तीन रात्री लागल्या. हाडाचा मूळ रंग, त्यावर दोन उजळ छटा, बरगडीच्या प्रत्येक काडीवर वेगळी रेघ. दिसतात छान, पण या वेगाने पुढच्या वर्षीचा पोळा उजाडेल.

पावसाळ्यात दुकान सोडून सुट्टी काढता येत नाही, पेरणीनंतरचा खताचा हंगाम आहे. मार्ग सांगा.

हिंगणघाटचा_गोलंदाज
भाऊ, आधी हिशेब करू. 35 रात्री म्हणजे 35 तास. ड्रॅगनसाठी 6 तास बाजूला ठेवा. उरले 29 तास आणि 46 मिनी. एकीला साधारण 38 मिनिटं मिळतात. तेवढ्यात आरामात होतं, फक्त रेघा ओढायचं सोडा.

मी असं करतो. सगळ्या मिनींना मॅट काळा प्रायमर. तो वाळला की मोठ्या मऊ ब्रशने करड्या रंगाचा ड्रायब्रश, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशने वरच्यावर रंग घासायचा, नंतर पांढऱ्याचा, तोही फक्त वरून खाली. म्हणजे डोकं, खांदे, गुडघे उजळतात आणि बरगड्यांच्या फटी काळ्याच राहतात. त्यावर कॉन्ट्रास्ट रंगाचा एकच हात. हे रंग 2019 मध्ये आले आणि आमच्यासारख्या नोकरदारांची फौज तेव्हापासून पूर्ण व्हायला लागली. रंग पातळ आणि पारदर्शक असतो, खाचेत साचतो आणि उंचवट्यावरून ओसरतो. खालची काळी-पांढरी छटा वर दिसते. या पद्धतीला स्लॅपचॉप म्हणतात. हाडांसाठी सिटाडेल ब्रँडचा 'स्केलेटन होर्ड' नावाचाच रंग आहे, तुमच्यासाठीच काढलाय असं समजा.

ड्रायब्रशसाठी महागडा ब्रश नको. बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात गालाला लाली लावायचा गोल ब्रश मिळतो, तो घ्या.

यवतमाळची_मेघा
बेसची, म्हणजे मिनी उभी असते त्या चकतीची, कडा सगळ्यांची एकसारखी काळी करा. बाकी काम अर्धवट असलं तरी फौज पूर्ण झाल्यासारखी दिसते.

शांतरंग
मी पुण्यात राहतो, मूळचा अचलपूरचा. माझा विरोध नोंदवून घ्या. गेली बारा वर्षं मी रंगवतो आहे आणि महिन्याला तीन-चार मिनी पूर्ण करतो. एका चेहऱ्यावर दोन संध्याकाळ जातात आणि त्या संध्याकाळी मला हव्या असतात. हल्ली प्रत्येक ठिकाणी 'झटपट' हाच शब्द ऐकू येतो. रंगवणं हाच छंद आहे ना? मग तो लवकर उरकायची घाई कशाला? सेनापती, तुमचे ते 4 सांगाडे चांगले झालेत असं तुम्हीच लिहिता. तसेच करत राहा. खेळ दिवाळीला ठेवा.

आर्वीचा_सेनापती
शांतरंग दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं, कारण मलाही ते तीन रात्रीचे सांगाडे आवडतात. पण भावाची सुट्टी वर्षातून दोनदा, आणि दिवाळीत आमच्या घरी कापूस वेचणीची धांदल. खेळ व्हायचा तर आत्ताच.

झाडीपट्टीकर
मी वडसा भागातला. सात-आठ वर्षं नाटकांमध्ये रंगभूषेच्या पेटीशी बसलो आहे. शांतरंगांना उत्तर द्यावं म्हणून लिहितोय, पण त्यांचा मान ठेवून.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. मंडपात शेवटचा माणूस कुठे बसलेला असतो ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच कळेल. मी नवीन होतो तेव्हा नायिकेची भुवई अशी नाजूक काढली की आरशात बघून तीही खुश झाली. माझ्या गुरूंनी मला हाताला धरून मंडपाच्या पार मागे नेलं आणि विचारलं, "दिसते का भुवई?" चेहरा म्हणजे नुसता पिठाचा गोळा दिसत होता. परत आल्यावर त्यांनी तिच्या गालाखाली तपकिरी रंगाचा जाड पट्टा ओढला, नाकाच्या दोन्ही बाजूंना सावली दिली, नाकाच्या दांडीवर उजळ रेघ दिली. जवळून बघवेना. मागे जाऊन पाहिलं तर बाई जिवंत झाली होती.

सांगाडा 28 मिलिमीटरचा आहे. खेळताना तो तुमच्या डोळ्यापासून हात-दीड हात लांब, चाळीस जणांच्या घोळक्यात उभा असतो. त्या अंतरावर बरगडीवरची दुसरी उजळ छटा पहिलीत मिसळून जाते, दिसतच नाही. दिसतं काय? डोळ्यांच्या खोबणीतला काळोख, कवटीचा माथा, तलवारीची धार आणि कापडाचा एखादा ठळक रंग. या चार जागांवर वेळ घाला. उजेड हवा त्यापेक्षा जास्त उजळ करा, सावली हवी त्यापेक्षा गडद करा. आणि रंगवताना मिनी नाकाशी धरू नका. टेबलाच्या पलीकडे ठेवून, उभं राहून बघा. मी दर दहा मिनिटांनी उठतो.

हिंगणघाटचा_गोलंदाज
झाडीपट्टीकर, मंडपाच्या मागे नेऊन दाखवणारे गुरू प्रत्येकाला मिळोत. मी आजपासून उठून बघणार.

वऱ्हाडी_खवीस
स्प्रेचं कोनी बोलूनच नाही रायलं! भाऊ, आपल्या इकडच्या हवेत स्प्रे मारनं म्हनजे वेगळंच काम हाये. मी मे महिन्यात दुपारी गच्चीवर मारला. पारा 45 च्या वर. रंग मिनीपर्यंत पोचाच्या आधीच हवेत वायला आन् वरून रेती टाकल्यासारखा खरबरीत बसला. वीस ऑर्क गेले. आता पावसायात उलटं होते. हवा दमट असली का रंगावर पांढरी धुई येते, वार्निशवर तर जास्तच.

म्हनून उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत मारजो, आन् जरा जवळून. पावसायात दोन दिवस उघाड पडली का तेव्हाच मारजो. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवजो, चुलीजवळ बिलकुल नोको नेऊ. थे बी नसंल जमत तर ब्रशनं लावाचा प्रायमर घे. वेळ लागते पन दगा नाही देत. आन् तोंडाले रुमाल बांधून मोकळ्या हवेतच मारजो.

आर्वीचा_सेनापती
खवीस भाऊ, हे बरं झालं सांगितलं. मी उद्याच गोदामात मारणार होतो, बाहेर झड लागलेली असताना.

चितारओळीची_लेक
माझं माहेर नागपूरचं, सासर काटोलकडचं. माहेरी मूर्ती आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवायचं काम चालतं, त्यामुळे विषय बघून राहवलं नाही. माझा मुलगा या मिनी रंगवतो, मी त्याला मदत करते.

आई हंगामात शेकड्याने नंदी रंगवते. एक नंदी पूर्ण करून दुसरा हातात घेतला असं मी तिला कधी करताना पाहिलं नाही. आधी सगळ्यांना पांढरा. शेवटचा पांढरा होईपर्यंत पहिला वाळलेला असतो. मग सगळ्यांची शिंगं. मग सगळ्यांचे खूर. मग झुली. एकदा ब्रशमध्ये लाल भरला की लाल संपेपर्यंत दुसऱ्या रंगाला हात लावायचा नाही. ब्रश धुण्यात आणि आता काय करू या विचारात जितका वेळ जातो तितका रंगवण्यात जात नाही, हे तिचं कायमचं म्हणणं. सगळ्यात शेवटी डोळे. ते घरात फक्त तीच काढते, सकाळच्या उजेडात, हात थकायच्या आधी.

मुलाला मी तसंच लावून दिलं. लाकडी पट्टीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून दहा मिनी एका ओळीत चिकटवायच्या. पट्टी हातात धरायची, मिनीला बोट लागत नाही, आणि एका बाजूने सगळ्यांचे डावे हात, पट्टी फिरवली की सगळ्यांचे उजवे.

फक्त एक सांगते. चाळीस एकदम घेऊ नका. माझ्या मुलाने तीस घेतल्या आणि चौथ्या दिवशी ब्रश ठेवून दिला. पुढे काहीच होताना दिसत नाही आणि मन उडतं. दहाची एक पट्टी पूर्ण करा, कपाटात उभी करा, मग दुसरी.

राजुऱ्याचा_पोट्टा
वीसची पट्टी बरी पडते ताई. दहामध्ये पहिला वाळायच्या आधीच शेवटचा होतो, हात रिकामा बसतो.

चितारओळीची_लेक
@राजुऱ्याचा_पोट्टा, मग दहाच्या दोन पट्ट्या आलटून पालटून घ्या. एकीवर हाड, दुसरीवर कापड. मुलगा आता तसंच करतो.

आर्वीचा_सेनापती
ताई, पट्ट्या आजच कापून आणल्या. शेजारी सुतारकाम चालू होतं, त्यांनी तशाच दिल्या. एक अडचण आहे. कॉन्ट्रास्ट रंगांची एक बाटली इथे पोचेपर्यंत फार महाग पडते, आणि ऑनलाइन मागवलेल्या तीनपैकी एक तर वाळून खडा झालेली निघाली. घरात फेव्हिक्रिल आहेत. त्यावर भागेल का?

मास्तर_दारव्हा
भागेल. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि माझी पूर्ण फौज फेव्हिक्रिलची आहे. त्यांचा रंग दाट असतो, बाटलीतून थेट लावला की बरगड्या बुजतात. म्हणून पातळ दोन हात द्यायचे. हस्तिदंती रंग नसेल तर पांढऱ्यात पिवळा गेरू आणि तपकिरीचा ठिपका.

सावलीसाठी वॉश, म्हणजे खाचेत साचणारा पातळ रंग, घरी करा. गडद तपकिरी, त्यात कणभर काळा, मग मॅट मिडियम (रंगाचे कण धरून ठेवणारं बिनरंगी द्रावण) आणि पाणी. मिडियम टाळू नका. नुसतं पाणी घातलं की रंगाचे कण धरून राहायला काही उरत नाही, पाणी कडेने सुकतं आणि कण कडेला ओढले जातात. चहाच्या कपाचा डाग उमटतो तसा गोल डाग पडतो.

रंग लवकर वाळत असेल तर ओली पॅलेट करा. स्टीलचा चपटा डबा, तळाला ओला स्पंज, वर बटर पेपर. झाकण लावलं की दुसऱ्या रात्री तोच रंग वापरता येतो. पावसाळ्यात तीन दिवसांनी स्पंजाला वास येतो, धुऊन घ्या.

आणखी एक, हे वर्गातल्या मुलांनाही रोज सांगतो: ब्रशला टोक आणायला तो ओठात धरू नका.

सीताबर्डी_1817
थोडं विषयांतर करतो, क्षमा असावी. तुम्ही सगळे सांगाडे आणि ऑर्क रंगवता. आपल्या नागपुरात नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज लढले. भोसल्यांच्या बाजूला अरब सैनिक होते, घोडदळ होतं. मला ती लढाई टेबलावर मांडायची आहे. दोन टेकड्या, मधली खिंड, दोन दिवसांची झुंज. कोणी मराठा स्वार रंगवले आहेत का? पागोट्यांचे रंग मी ठरवू शकत नाही.

राजुऱ्याचा_पोट्टा
वेगळा धागा काढा, मी पहिला येतो. टेकडी मी बनवतो, थर्माकोल आहे.

मास्तर_दारव्हा
मीही. पागोट्यांसाठी एकच रंग धरू नका. त्या काळच्या शिबंदीत गणवेश सगळ्यांचा सारखा नसे. पाच-सहा रंग घेऊन पट्टीवर विखरून टाका. योगायोगाने ही युक्ती सेनापतींच्या फाटक्या कापडांनाही लागू पडते.

वऱ्हाडी_खवीस
बेसवर काय टाकून रायला सेनापती? विकतची रेती नोको घेऊ. वावरातली काळी माती घे, चाळनीनं चाळ, तव्यावर भाजून घे म्हनजे किडे-बुरशी नाही होत. मग पाणी टाकलेल्या फेव्हिकॉलमध्ये कालवून जाड थर दे. वायली का उन्हाळ्यातल्या वावरासारख्या भेगा पडते, आपसूक. आपली माती पाण्यानं फुगते आन् वायली का आकसते, विकतच्या भेगांच्या पेस्टपेक्षा भारी. वाळलेल्या पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) बारीक फांद्या तोडून लावजो, मेलेली झाडं तयार. सांगाड्याले शोभते थे.

आर्वीचा_सेनापती
खवीस भाऊ, पऱ्हाटीचं तर आमच्या धुऱ्यावर रान पडलंय. करतोच.

आर्वीचा_सेनापती
बारा दिवसांनी लिहितोय. पहिल्या दोन पट्ट्या झाल्या. पहिली पट्टी मी बिघडवली. मॅट मिडियम संपलं होतं, म्हणून नुसत्या पाण्याचा वॉश दिला. मास्तरांनी सांगितलेले ते चहाचे डाग दहाही कवट्यांवर उमटले. रात्रभर झोप लागली नाही. पुसायला गेलो तर खालचा रंगही निघाला.

मास्तर_दारव्हा
पुसू नका. पूर्ण वाळू द्या. मग हाडाच्याच रंगाचा हलका ड्रायब्रश वरून फिरवा, डाग उंचवट्यावर असतात, झाकले जातात. खाचेत उरलेले डाग घाण म्हणून खपतात. सांगाडा जमिनीतून उठून आलाय, तो धुतलेला कसा असेल?

झाडीपट्टीकर
आणि टेबलाच्या पलीकडून बघा. मला वाटतं, तुम्हाला दिसणारे निम्मे डाग भावाला दिसणार नाहीत.

आर्वीचा_सेनापती
ड्रायब्रश केला. वाचले! उभं राहून बघितलं तर तीन रात्रीवाले 4 आणि हे 10 एका रांगेत वेगळे ओळखूच येईनात. हे पाहून थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

शांतरंग
वाईट वाटून घेऊ नका. झाडीपट्टीकरांचा मंडप वाचल्यापासून मी विचार करतोय. त्यांचं पायदळाबद्दलचं म्हणणं मला पटलं. मी स्वतः कधी पूर्ण फौज उभी केलेली नाही. बारा वर्षांत माझ्याकडे एकेकट्या मिनी जमल्या आणि खेळ झाला तो दुसऱ्यांच्या फौजांनी.

पण ड्रॅगनचं मात्र माझं ऐका. घोळक्यात तो उभा राहणार नाही. भाऊ आल्याबरोबर तो हातात उचलून बघणार, नाकाशी धरणार. तिथे तुमच्या तीन रात्रींची कला खर्च करा. सहा तासांत असं बसवा: स्वार वेगळा रंगवा, ड्रॅगनवर नंतर चिकटवा, नाहीतर मानेखाली ब्रश पोचत नाही. खवले ड्रायब्रशने, अर्ध्या तासात. पंखांचा पडदा दोन तास: मुळाशी गडद, कडेकडे उजळ, मधे ओल्यावर ओला रंग मिसळत जा, पॅलेटजवळच बसा. उरलेला सगळा वेळ चेहऱ्याला. डोळे सकाळी काढा, चितारओळीच्या ताईंच्या आईसारखे.

चितारओळीची_लेक
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, त्या दादाला सांग, डोळा काढताना श्वास सोडून थांबायचं, रोखून धरायचा नाही. रोखला की हात थरथरतो.

शांतरंग
मी आजवर रोखूनच धरत होतो. आईंना माझा नमस्कार सांगा.

यवतमाळची_मेघा
सेनापती, काय झालं पुढे? पोळा होऊन गेला.

आर्वीचा_सेनापती
उशिरा लिहितोय, दुकानात युरियाची गाडी आली होती.

पन्नास पूर्ण झाले आणि ड्रॅगनही. शेवटचा घोडेस्वार पोळ्याच्या आदल्या रात्री एकला संपला. सगळे मिळून 34 तास लागले, मी दुकानाच्या वहीत मागे लिहून ठेवले होते. शेवटच्या पट्टीपर्यंत एका सांगाड्याला 25 मिनिटं पुरायला लागली. वॉर्निशला उघाड मिळाली नाही, म्हणून ब्रशने लावलं.

भावाने आल्याबरोबर ड्रॅगनच उचलला आणि नाकाशी धरला. शांतरंग दादा, तो तीन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "डोळे कोणाकडून काढून घेतले बे?" नंतर त्याचे ऑर्क जिंकले, माझा ड्रॅगन दुसऱ्याच फेरीत पडला, पण तो भाग राहू द्या.

खरी गोष्ट वेगळीच झाली. माझी पुतणी सहा वर्षांची आहे. तिचा लाकडी नंदी जुना, रंग उडालेला. सकाळी ती पट्ट्यांजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्या नंदीलेबी असंच कर." मग त्याला काळा दिला, पांढऱ्याचा ड्रायब्रश वरून, शिंगांवर लाल, झुलीवर मेटॅलिक सोनेरी. डोळे मी श्वास सोडून काढले. दुपारी ती गल्लीभर घरोघरी फिरवून आली, मुठीत बोजारा (नंदीसाठी घरोघरी मिळणारे पैसे) मावत नव्हता. शेजारच्या काकूंनी तिला थांबवून विचारलं म्हणे, हा नंदी अंधारातून येऊन रायल्यासारखा कसा दिसते.

आता गल्लीतल्या चार पोरांचे नंदी माझ्या दुकानाच्या काउंटरवर उभे आहेत. ताई, लाकडावरचा जुना ऑइल पेंट खरवडायला आई काय वापरते? सँडपेपरने शिंगांच्या बुडाशी पोचता येत नाही.

चितारओळीची_लेक
शिंगं खिळ्याने बसवलेली असतील तर आधी ती काढून घ्या, चिमट्याने हळूच, फिरवत. रंग पूर्ण खरवडत बसू नका, सुटलेले पापुद्रेच काढा आणि बाकीच्यावर पॉलिश पेपर फिरवून चमक घालवा, प्रायमर धरतो. घासताना तोंडाला फडकं बांधा, जुन्या ऑइल पेंटची धूळ पोटात जाऊ नये, आणि पोरांना तेवढा वेळ लांब बसवा. चारही नंदी एकदम घ्या, पट्टीवर.